थुंकली तर गाभण

१२ जानेवारी

काल सहकारी संस्थेच्या इंजिनिअरनं सगळ्या कळपवाल्यांना एकेक वही वाटली. कुठली मादी कधी लावली, कधी उलटली, कधी व्याली, सगळं तारखेनिशी लिहायचं म्हणे. पोरगेलासा माणूस, अल्पाकाला हात लावायच्या आधी हातमोजे घालतो, आणि मला शिकवतो. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या आईचं लग्न व्हायच्या आधीपासून मी पिल्लं ओढून काढतेय." तो हसला आणि वर पेनही दिलं. पेन बरं आहे. सहा यत्ता शिकलेली बासिलिया आहे मी, ते वाया कशाला घालवू? पण वही आता माझी आहे. तिच्यात काय लिहायचं ते मी ठरवणार.

तर लिहिते. यंदा माझ्या चौदा पांढऱ्या माद्यांना कापितान लावायचा. जत्रेत पहिल्या नंबरचा फीतवाला नर. आठ माद्या देऊन बदल्यात घेतला. लोकर अशी की हात घातला तर मनगटापर्यंत बुडतो. कोंपाद्रे फिदेन्सियो, म्हणजे माझ्या पोराचा, ग्रिमाल्दोचा धर्मपिता (मला तो कोमाद्रे म्हणतो), कुंपणाशी उभा राहून बघत होता. त्याच्याकडचा पैदाशीचा नर म्हणजे तो काजळ्या, तपकिरी, एक कान फाटका, चालतो तेही तिरका. जळणारच बिचारा.

१५ जानेवारी

सकाळी आठला म्हातारी मादी व्याली. अल्पाका सकाळीच विते, ऊन वर आलं की. रात्रीच्या गारठ्यात पिल्लू टाकण्याइतकी ती मूर्ख नाही. एवढी अक्कल आमच्या सुनेला असती तर.

सून म्हणायचं तरी कसं? योवाना खालच्या दरीतली, मक्याच्या मुलखातली. आमच्याकडे पद्धत आहे तशी राहून बघायला आली आहे. दोन वर्षं पोरानं आणि पोरीनं एकत्र राहायचं. पाठीवर मूल आलं तर पाद्रीकडे जाऊन लग्न. नाही आलं तर पोरीचा बाप कार्निव्हलला येतो आणि आणलेल्या कपड्यांसकट तिला परत नेतो. भांडण नाही, तंटा नाही. या कार्निव्हलला एक वर्ष होईल. पोट अजून तव्यासारखं सपाट.

तर पिल्लू पडलं आणि ही धावली, स्वतःच्या घागऱ्यानं पुसायला. "सासूबाई, आई याला चाटत का नाही?" अगं, अल्पाका चाटत नाही. जीभच तेवढी बाहेर निघत नाही तिची. सगळा कळप येऊन हुंगतो, हूं हूं करतो, झालं बारसं. "आमच्याकडे शेळी चाटून चाटून कोरडं करते," म्हणाली. म्हटलं, मग शेळीकडेच राहायचं होतंस.

२० जानेवारी

कापितान लावायला सुरुवात केली. नर जवळ आला की रिकामी मादी पाय दुमडून बसते. बसली की तो वर चढतो आणि घशातून गुरगुर गुरगुर करत अर्धा तास हलत नाही. योवाना तोंडावर ओढणी घेऊन हसत होती. मी म्हटलं, हस, हस. त्या बसतात तेव्हा काहीतरी होतं तरी.

चौदा दिवसांनी नर परत समोर न्यायचा. मादी गाभण असेल तर त्याच्या तोंडावर थुंकते, लाथ झाडते, पळते. बसली तर रिकामी. इंजिनिअर म्हणतो यंत्र आणू, पोटात बघता येतं. थुंकी फुकट मिळते, यंत्र कशाला आणतोस बाबा?

३ फेब्रुवारी

पहिल्या आठ जणींना कापितान दाखवला. आठच्या आठ बसल्या. रांगेत. चर्चमध्ये बायका बसतात तशा. कुंपणाबाहेर फिदेन्सियो कोकाची पानं चघळत होता. "कोमाद्रे, फारच प्रेमात पडल्यात गं तुझ्या पोरी," म्हणाला. मेल्याचं तोंड बघवत नाही.

उरलेल्याही बसतील असं दिसतंय. गवत कमी पडलं असणार. नाहीतर कुणाची तरी नजर. कुणाची ते मी लिहीत नाही, पण ती कोपऱ्यात बसून बटाटे सोलते आहे.

६ फेब्रुवारी

चुलीपाशी पाळलेली कुई, ती बिनशेपटीची गिनीपिग, व्याली. चार पिल्लं. अंगभर केस, डोळे उघडे, तासाभरात गवत कुरतडायला लागली. मी मोठ्यानं म्हटलं, "बघ ग्रिमाल्दो, उंदराएवढा जीव, पण दोन महिन्यांत काम चोख." ग्रिमाल्दो खाली बघून सूप पीत राहिला. हा मुलगा बोलतच नाही. बापावर गेलाय.

योवानाच बोलली. तिच्या गावाकडे कराचुपा नावाचा प्राणी असतो, लांब तोंडाचा, बोडक्या शेपटीचा, घुशीच्या जातीचा दिसणारा. त्याचं पिल्लू म्हणे बाराव्या-तेराव्या दिवशीच बाहेर येतं, घेवड्याच्या दाण्याएवढं, आंधळं, नागडं. ते स्वतः सरपटत आईच्या पोटावरच्या पिशवीत जातं आणि सड धरून दोन महिने लोंबकळतं. मग पाठीवर बसून हिंडतं.

"म्हणजे दोनदा जन्मतं का?" मी विचारलं.

"तसंच म्हणा. पहिल्यांदा आईच्या पोटातून, मग पिशवीतून."

काय तरी थापा! वर म्हणते कशी, "पोटात किती दिवस राहिलं याला कोण विचारतं, सासूबाई? धरून किती दिवस ठेवलं ते महत्त्वाचं." म्हटलं, शहाणे, तू एकदा तरी पोटात ठेवून दाखव, मग अक्कल पाजळ.

१९ फेब्रुवारी

दुसरी फेरी झाली. चौदाही बसल्या. मला रडू येत होतं, पण फिदेन्सियो बघत होता म्हणून मी कापितानच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

तेव्हा ही बाई तोंड वर करून म्हणते, "सासूबाई, माद्यांचा दोष नसेल. गेल्या वर्षी याच व्याल्या होत्या. नर बघायला हवा."

मी तिला असं झाडलं की सगळ्या वाडीला ऐकू गेलं. फीत मिळालेला नर! पांढरा धोप! आणि तू, मक्याची पोर, तू सांगणार? शेवटी म्हटलं, "खेचर आहेस तू. ओझं वाहायचं, दुसरं काही व्हायचं नाही तुझ्या हातून."

ती म्हणाली, "खेचराला लाथ तरी मारता येते." आणि शेण गोळा करायला निघून गेली. उद्धट.

२ मार्च, कार्निव्हल

सगळ्यांच्या जनावरांच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे बांधले. एकापाठोपाठ एक गाणी झाली. एक वर्ष संपलं, एक उरलं. योवाना सगळ्यांबरोबर नाचली. कशाच्या जोरावर नाचते कोण जाणे.

मी सांगून टाकलं, तिसऱ्या फेरीला ज्या बसतील त्यांच्यावर सुरी फिरणार. भाकड जनावर पोसायला माझ्याकडे कुरण उतू चाललेलं नाही. मांस वाळवून ठेवू. योवानाचा चेहरा उतरला. जनावराचा लळा लावून घेते ही, कळपवालीला ते परवडत नाही.

८ मार्च

रोज दोन-तीन माद्यांना कापितान लावते. लावून झालेल्या योवाना खालच्या दलदलीच्या कुरणात नेते. तिनंच सुचवलं, तिथलं गवत कोवळं आहे म्हणून. एकदा तरी शहाण्यासारखं बोलली. फिदेन्सियोचा कळपही तिकडेच आहे, म्हणजे सोबत आहे.

हल्ली उशिरा येते. आज घागऱ्याला तपकिरी लोकर चिकटलेली. म्हटलं, "काय गं, कुठं लोळत होतीस?" म्हणाली, "काजळ्याला बाजूला ओढत होते." त्या फाटक्या कानाच्याला कुंपण कळत नाही की काय? फिदेन्सियोला सांगायला हवं.

२६ मार्च

थुंकल्या! बाराजणी थुंकल्या! कापितान जवळ गेला आणि पहिलीनं असा हिरवागार चोथा तोंडावर मारला की त्याचा डोळा मिटला. दुसरीनं लाथ घातली. तिसरी कुंपणावरून उडायच्या बेतात. मी टाळ्या वाजवल्या. इतकी सुंदर थुंकी मी आयुष्यात पाहिली नाही. उरलेल्या दोघी बसल्या, पण या आनंदात त्यांना सुरीतून सोडलं.

फिदेन्सियोला मुद्दाम बोलावून दाखवलं. "बघ माझा कापितान!" तो हसून हसून खोकायला लागला. म्हणाला, "बीज बाकी दणकट आहे हं, कोमाद्रे." शेवटी कबूल केलंच. योवानाकडे बघून त्यानं टोपी काढली. आता तिचा काय संबंध?

नर बघा म्हणत होती. बघितला का नर?

१७ जून

आमचा हिवाळा आला, बर्फाळ रात्री सुरू झाल्या. बटाटे गोठायला उघड्यावर टाकलेत आणि सकाळी पाणी काढून वाळवायला आम्ही ते तुडवतो. एक मादी गाभडली. अकरा उरल्या.

योवानाला दवाखान्यात पाठवलं होतं. नर्सनं काय काय तपासलं आणि चिठ्ठी दिली: हिच्यात काही दोष नाही, नवऱ्याला पाठवा. नवऱ्याला! मी चिठ्ठी चुलीत घातली. पुरुषाला कसली तपासणी? हीच नर्स ग्रिमाल्दोला सोळाव्या वर्षी गालगुंड झाले तेव्हाही अशीच बडबडली होती. तेव्हा सूज गालावरून खाली जांघेत उतरली, पंधरा दिवस बिचाऱ्याला चालता येईना. मी ओझं वाहणाऱ्या लामाची चरबी गरम करून लावली, फडकी बांधली, खणखणीत बरा केला. ती म्हणत होती, पुढं याचा परिणाम होऊ शकतो. झाला का काही? दोन पोती बटाटे एकटा उचलतो.

चिठ्ठी जळताना ग्रिमाल्दो दारात उभा होता. वळून लामांकडे गेला.

९ सप्टेंबर

नातवाला पाठीवर बांधायचं कापड विणून पूर्ण केलं. लाल, काळ्या काठाचं, मध्ये पांढरी अल्पाका. दोन वर्षं लागली. ही नसली तर दुसरी येईल, कापड वाया जाणार नाही. हे मी तिच्यासमोरच म्हटलं. ती म्हणाली, "छान झालंय." टोमणा मारला तर लागायला नको का? दगड आहे.

१३ फेब्रुवारी

पाच व्याल्या. सकाळपासून मी बसकण मारून बसले आहे आणि लिहायला हात उचलत नाही.

तीन तपकिरी. एक ठिपक्याठिपक्यांचं. एक पांढरं, पण त्याच्या कानावर काजळ पुसल्यासारखा डाग.

फिदेन्सियो आला, बघितलं, आणि हसता हसता त्याची टोपी खाली पडली. "कोमाद्रे, तुझ्या कापितानला फारच ऊन लागलेलं दिसतंय!"

मी योवानाला धारेवर धरलं. तिनं लपवलं नाही. म्हणाली, "हो. तुम्ही लावून पाठवायचा आणि मी खाली काजळ्याला सोडायचे. कोंपाद्रेंना विचारून. तुम्ही सुरी फिरवणार होतात सासूबाई. चौदाजणी. त्यांचा दोष नसताना."

मी बोलले ते वहीत लिहिण्यासारखं नाही. इंजिनिअरला काय तोंड दाखवू? पांढऱ्या लोकरीचा कळप म्हणून नाव लावलंय.

१४ फेब्रुवारी

खात्री करायची म्हणून कापितानला धरलं. ग्रिमाल्दोनं दोर ओढला, मी मागून लोकर बाजूला सारून हात घातला. वर्षभर मनगटापर्यंत हात घालून लोकर दाखवत हिंडले, पण तिथं कधी घातला नव्हता. वालाचे दोन दाणे. तेही सुकलेले. या जातीत असं होतं, जन्मतःच. माझ्या आईनं मला हे बघायला शिकवलं होतं. फितीकडे बघत बसले आणि विसरले.

मी म्हटलं, "आणि शिव्या मी माद्यांना घालत होते! वरून एवढा धिप्पाड, आणि आत काही नाही!"

ग्रिमाल्दोनं दोर सोडला. कापितान पळाला. पोरगा तोंड फिरवून कुंपण ओलांडून चालता झाला, दुपारच्या जेवणालाही आला नाही. आता याला काय झालं?

१५ फेब्रुवारी

कळलं.

सकाळी चुलीत शेणी घालताना कळलं. ती चिठ्ठी याच चुलीत घातली होती. हातातली शेणी तशीच राहिली आणि बोटं भाजली. पोरगा सोळा वर्षांचा होता आणि मी त्याला बरा केला म्हणून गावभर सांगत होते.

त्याला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. तिनं नर बघा म्हटलं तेव्हा मी खेचर म्हटलं. तिला तोंड होतं, चारचौघांत सांगू शकली असती. माझ्या पोराची अब्रू झाकून तिनं माझ्या शिव्या वर्षभर खाल्ल्या. मी एवढी मूर्ख कधी झाले?

१८ फेब्रुवारी

म्हातारी मादी शेवटी व्याली आणि वार पडली नाही, दुपारी मेली. पिल्लू तपकिरी, काठीसारख्या पायांचं. दुसरी कुठली मादी जवळ करीना, सगळ्याजणी त्याच्यावर थुंकतात.

योवानानं कपाटातून लाल कापड काढलं. माझं. नातवाचं. विचारलंही नाही. पिल्लू त्यात घातलं, पाठीवर टाकलं, छातीवर गाठ मारली आणि बटाटे निवडायला बसली. पिल्लानं तिच्या खांद्यावर मान टाकली आणि हूं हूं करायला लागलं.

तोंडापर्यंत शिवी आली होती. गिळली. म्हटलं, "गाठ सैल आहे, पडेल ते." मी घट्ट केली.

"कराचुपासारखं," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, पिल्लाशी.

२५ फेब्रुवारी, कार्निव्हल

योवानाचा बाप, एलेउतेरियो, दरीतून आला. मका आणि दारू घेऊन. फिदेन्सियो मध्ये बसला. कोकाची पानं पसरली. पद्धतीप्रमाणे फिदेन्सियोनं मला विचारलं, "कोमाद्रे, पोर ठेवायची की परत द्यायची?"

दोन वर्षं मी याचं उत्तर घोटून ठेवलं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "दोष पोरीत नाही. माझ्या घरात आहे. ग्रिमाल्दोला सोळाव्या वर्षी गालगुंड झाले. नर्सनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मूल होणार नाही. तरी पोर आम्हाला हवी. मला हवी."

ग्रिमाल्दोनं हॅट डोळ्यांवर ओढली. त्याला आधी विचारायला हवं होतं, ते मला बोलून झाल्यावर सुचलं. मला वाटलं, आता योवाना रडेल, माझे पाय धरेल, मी तिला उठवीन. एवढा मोठेपणा दाखवला होता मी!

फिदेन्सियोनं मग तिला विचारलं, "आणि तू, पोरी? राहतेस?" हे विचारायचं म्हणून विचारतात. मुली हो म्हणतात. माझ्या वेळी मीही म्हटलं होतं.

ती म्हणाली, "नाही."

बाप दचकला. ती शांतपणे बोलत होती. "मुलासाठी नाही म्हणत नाही मी. मूल होणार नाही हे मला ग्रिमाल्दोनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तेव्हा मी राहिले. पण या घरात मादीला दर चौदा दिवसांनी विचारतात, बसतेस की थुंकतेस. मला दोन वर्षांत आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. तर सांगते. नाही."

पाठीवरचं पिल्लू सोडून तिनं माझ्या मांडीवर ठेवलं, कापडाची घडी करून वर ठेवली, आणि बापाबरोबर उतरणीला लागली. माझ्याकडे वळून बघितलंही नाही. मी दोन वर्षं तिची परीक्षा घेत होते. माझीही चालली होती, हे मला कुणी सांगायचं?

२६ फेब्रुवारी

पिल्लू बाटली तोंडात धरत नाही. हूं हूं करत दाराकडे बघतं.

ग्रिमाल्दो माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे त्याचं.

२८ फेब्रुवारी

बासष्टाव्या वर्षी पाठीवर जनावर बांधून हिंडते आहे. पाठीवर घेतलं तरच दूध पितं, मेलं. इंजिनिअर वही तपासायला आला. तपकिरी पिल्लं बघून तोंड वाकडं केलं, म्हणाला, "हा कुठला नर?" मी म्हटलं, "काजळ्या. फिदेन्सियोचा. माझ्या सुनेनं निवडला. लिहून घ्या." सून म्हटलं मी. पान उलटताना त्याला इतर काय काय वाचायला मिळालं देव जाणे, कान लाल झाले होते त्याचे.

कापितानची लोकर कातरली. त्याच्याकडून तेवढंच होतं, आणि ते चांगलं होतं. त्याला आता शिव्या देत नाही मी.

१ मार्च

ग्रिमाल्दो सकाळी हॅट झटकत समोर येऊन उभा राहिला. "आई, मी खाली जातोय."

"तिला आणायला?"

त्यानं हॅट डोक्यावर चढवली.

मी पाठीवरचं पिल्लू सोडलं, लाल कापडासकट त्याच्या पाठीवर बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली. एवढा बाप्या माणूस पाठीवर लेकरू घेऊन निघाला, फिदेन्सियो बघून काय म्हणायचं ते म्हणू दे.

"आणायला जाऊ नकोस," म्हटलं. "विचारायला जा. नीट विचार. आणि थुंकली तर मुकाट्यानं परत ये. पिल्लू तिच्यापाशी ठेवून ये."

वळणापर्यंत दिसत होता. पिल्लाची मान त्याच्या खांद्यावर होती.